नळ सोडून

“आपण कुठं जातो, कुणाशी बोलतो, हे सरकारला कशाला कळायला हवं? माणसं आहोत का कोंडवाड्यातली जनावरं?” दिगंबरनं पेपर टीपॉयवर आपटला. मोबाइलवर पाळत ठेवण्याची बातमी त्याला भलतीच झोंबली होती. रविवारी गप्पांना येणारे दोघे मित्र माना डोलावत होते.

त्याची बायको सुनयना आतून ऐकत होती. तिच्या डोक्यावर, फ्रिजच्या वर, त्यानंच बसवलेला कॅमेरा होता. हॉलमध्ये दुसरा, गॅलरीत तिसरा, बेडरूममध्ये चौथा. “चोरांसाठी गं,” म्हणाला होता. चोर काही कधी आला नाही. ती मात्र रोज सापडत होती.

लॅबमधल्या नोकरीचं आज दुपारच्या आत कळवायचं होतं. कॅमेरा नव्हता तो फक्त बाथरूममध्ये. तिनं आत शिरून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि फोन लावला.

“मी येते कामावर,” ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

“मॅडम, नुसता पाण्याचा आवाज येतोय,” म्हणत पलीकडच्या मुलीनं फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात परतताच फ्रिजवरच्या कॅमेऱ्यातून नवऱ्याचा आवाज आला, “तीन चहा टाक. आणि इतका वेळ आत काय करत होतीस?”

“भारी सोय केलीस राव!” मित्र हसले.

ती चहा घेऊन गेली. एकानं सहज विचारलं, “वहिनी, या पाळतीबद्दल तुमचं काय मत?”

“तिला काय विचारतोस?” दिगंबर म्हणाला.

सुनयनानं ट्रे खाली ठेवला.

“सांगते की भावजी. आधी बाथरूमचा नळ सोडून येते. या घरात मी तिथंच बोलते.”