आभाराची उलटतपासणी

"थांब. हा कागद कधी लिहिलास?"

आभाराच्या दुसऱ्याच वाक्यावर पल्लवी अडकली. प्रश्न विचारणारे होते खुद्द प्रमुख पाहुणे, वसमतचे जुने वकील रवींद्र खंदारे. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. हिंगोलीच्या त्या विधी महाविद्यालयात दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत ‘पुढे काय?’ नावाचं व्याख्यान व्हायचं आणि आभार मानायचं काम पल्लवीच्याच गळ्यात पडलेलं. आभार कोणी ऐकत नसे. ती पोरांची डबे उघडायची वेळ. त्यात पाहुण्यानेच मध्ये बोलावं, असं आजवर झालं नव्हतं.

"काल लिहिला, सर."

"काल? मग बराबर. न्यायाधीश परीक्षेची तयारी मी सोप्या भाषेत समजावली म्हणतेस. मी तर पाऊण तास बांधाच्या भांडणांवर बोललो."

सगळा हॉल हसला. पल्लवीचे कान तापले. सूचनाफलकावर विषय परीक्षेचाच लावला होता आणि त्यावरून तिने आभार लिहून ठेवले होते. शाल-नारळ आदल्या दिवशी आणतात, तसे आभारही आदल्या दिवशी लिहितात. यात तिचं काय चुकलं?

"पुढं वाच."

"‘आमच्या मनातला गोंधळ दूर झाला.’"

"झाला का?"

हे वाक्य ती सलग सहा बुधवार वाचत आली होती आणि सहाही बुधवारी तिचा गोंधळ वाढलाच होता. पहिला पाहुणा म्हणाला, न्यायाधीश व्हा. दुसऱ्याने पुण्यातल्या कंपन्यांचं असं वर्णन केलं की तिने मनातल्या मनात बॅग भरली. तिसऱ्याने पुन्हा परीक्षेकडे वळवलं. पल्लवीला सगळ्यांचंच पटायचं. बापाला ती दर बुधवारी फोन करून नवं काहीतरी सांगायची. बाप मुंजाजी कळमनुरीजवळच्या खेड्यात हळद पिकवायचा. त्याने पारावर आधी सांगितलं, लेक जज होणार. मग सांगितलं, कंपनीत जाणार. मग पुन्हा जज. आता लोक त्याला मुद्दाम अडवून विचारायचे. आज सकाळीच त्याचा फोन आला होता. "माय, तू कायबी हो. पण आज एक काय ते सांग. लोक हसून राहिलेत मला."

आज सांगणं भागच होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला व्याख्यानाआधी पाहुण्यांसमोरच एक अर्ज दिलेला. त्यावर तीन चौकोन: परीक्षेचा वर्ग, कंपनी, नाहीतर कोर्टात एखाद्या वकिलाच्या हाताखाली. एकावरच खूण करायची. अर्ज सुट्टी संपायच्या आत द्यायचा आणि मग बदल नाही. पल्लवीचा अर्ज कोराच होता.

"न्हाई झाला, सर," ती म्हणाली. प्राचार्यांनी डोळे वटारले, पण आता शब्द तोंडातून गेला होता. "सगळे बुधवार मिळून वाढलाच."

"मग खोटं काहून लिहिलं?"

पुन्हा हशा. आता मात्र पल्लवी चिडली. शंभर जणांसमोर चोरासारखं उभं केलेलं कोणाला आवडेल? तिने कागद टेबलावर ठेवला. चिडली की तिच्या तोंडात घरची भाषा यायची.

"सर, मी एक इचारू?"

"विचार की."

"तुमचं भाषण तुमी कधी लिहिलं?"

"परवा. तुमच्या प्राचार्यांचा फोन आला तेव्हा."

"भाषणात तुमी तीन वेळा म्हणालात, ‘आपल्या परभणी जिल्ह्यातले बांध.’ बराबर?"

"म्हणालो असेन."

"असेन न्हाई, सर. म्हणालात का न्हाई?"

खंदारे खुर्चीत जरा सरळ झाले. "म्हणालो."

"हिंगोली जिल्हा येगळा कधी झाला?"

वकीलसाहेब हळूच म्हणाले, "नव्व्याण्णव साली."

"मग परवा लिहिताना तुमाला हिंगोली जिल्हा झाल्याचं ठाऊक नव्हतं, का भाषण नव्व्याण्णवच्या आधीचं हाय?"

हॉलमध्ये डबे झाकलेलेच राहिले. खंदाऱ्यांनी शालीखालून खिशात हात घातला आणि भाषणाचा कागद बाहेर काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडली होती.

"पहिल्यांदा परभणीला वाचलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा माझे केस काळे होते."

प्राचार्य ताडकन उठले. "पल्लवी, आधी माफी माग साहेबांची!"

पल्लवीचा सगळा राग एका क्षणात ओसरला. आपण हे काय करून बसलो, तिचं तिलाच कळेना. माफीसाठी ती तोंड उघडणार, तोच खंदाऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मांडीवरचा नारळ त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे प्रश्न तुला कोणी सांगितले?"

"कोणी न्हाई, सर. उभ्या उभ्या सुचले."

"अन् त्या अर्जात काय भरलंस?"

"कोराच हाय." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "माझं अजून कायबी ठरलं न्हाई."

खंदाऱ्यांनी भरलेल्या हॉलकडे पाहिलं.

"पोरी, ते आत्ता शंभर माणसांसमोर ठरलं. एकट्या तुलाच कळलं न्हाई."