नऊ नंबरची रेघ

"हे आकडे तुम्ही बदलले नाहीत कशावरून?" बस डेपोच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

थोरली याच प्रश्नाची वाट पाहत होती. "बदलताच येत नाहीत, साहेब. मनगटावरच्या पट्ट्यातली नोंद थेट आमच्या प्रयोगशाळेच्या साठ्यात जाऊन पडते. मलासुद्धा ती नुसती वाचता येते."

ड्रायव्हरांच्या थकव्याचा तिचा अभ्यास पूर्वी कागदावर चालायचा. नोकरीच्या भीतीने जो तो 'ठीक' लिहून मोकळा व्हायचा, आणि त्यात तिचे बाबा सगळ्यांत पुढे. म्हणून तिने मनगटी पट्टे आणले. पट्टा घरपोच, नोंदी आपोआप, नावाऐवजी नंबर. कुणी प्रयोगशाळेत खेटे घालायला नको की तिने कुणाच्या घरी जायला नको. या व्यवस्थेसाठी तिने जिवाचं रान केलं होतं. आज तिला त्याचा अभिमान वाटत होता, आणि का वाटू नये?

पण साहेबही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "या सगळ्यांचा थकवा सुट्टीच्या दिवशी उतरतोय की. मग डबल ड्युटी बंद कशाला करायची?"

"नऊ नंबर बघा." तिने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "सुट्टीच्या दिवशी ही खाली येत नाही, उलट चढते. थकवा इतका मुरलाय की एका सुट्टीने निघत नाही. आज हा एक आहे. उद्या सगळे असेच होतील."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढून ती रेघ नीट पाहिली.

"असा माणूस माझी बस चालवतोय?" ते हळूच म्हणाले. "बंद करा डबल ड्युटी."

सभेला जमलेल्या ड्रायव्हरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्या रांगेतले बाबा मात्र मान वर करायला तयार नव्हते. नऊ नंबरचा पट्टा कुणाला दिलाय, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. जन्मभर 'ठीक' म्हणणाऱ्या माणसाचा थकवा आज तिने सगळ्यांसमोर मांडला होता. तिचा ऊर भरून आला.

वाटेत ती म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला ना."

"मोठं काम केलंस, पोरी."

"मी कुठे? तुम्ही केलंत."

"घरी चल आधी," बाबा म्हणाले. "आईशी बोल."

थोरली कितीतरी महिन्यांनी घरी येत होती. आई भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर उभी होती. बाबा दारातच घुटमळले. थोरलीने आईला मागून मिठी मारली. "आई, बाबांच्या पट्ट्यामुळे सगळ्यांची डबल ड्युटी सुटली."

आईचा चेहरा फुलला. तिने हात पुसले आणि लांब बाही कोपरापर्यंत वर सारली.

"मग आता काढू ना गं हा पट्टा? ह्यांना पहिल्याच दिवशी पुरळ उठलं, तेव्हापासून मीच घालतेय. तुझं काम अडायला नको म्हणून झोपतानासुद्धा काढला नाही बघ."