हळदीचा लाल रंग

संगणकाने हळदीचा रंग पुन्हा लालच काढला होता. हेमांगी खुर्चीवरून उठली, बसली, पुन्हा उठली. प्रकाश पडला की रेणूतील इलेक्ट्रॉन किती उसळी घेतो आणि त्यावरून पदार्थाचा रंग कोणता, हे गणिताने सांगणारी पद्धत तिने वर्षानुवर्षे घडवली होती. आज मार्गदर्शक दमयंतीबाईंपुढे ती सिद्ध झाली नाही, तर प्रबंध मोडीत निघणार होता.

बाई आल्या त्या न बसताच पडद्यावरचा रेणू निरखू लागल्या.

“पद्धतच चुकली, बाई. टाकून देते.”

“गप्प बस. याच्या अंगावरचा हा हायड्रोजन कुठे गेला?”

हेमांगीने जीभ चावली. रेणू मांडताना तो सुटला होता.

“अगं, चुना घातला की हळदीचा हाच हायड्रोजन निसटतो आणि ती लाल होते. हळद मांडायला बसलीस आणि कुंकू करून ठेवलंस!”

“म्हणजे लाल उत्तर बरोबर?”

“शंभर हिश्श्यांनी! तुला ठाऊक नव्हतं, तुझ्या गणिताला होतं. हायड्रोजन जागेवर ठेव आणि पिवळा रंग काढ. लाल पुसशील तर खबरदार! प्रबंधात आधी कुंकू लागेल, मग हळद.”