वाकडं पाऊल

पाचव्या इस्पितळातही वैजयंताला तोच सवाल ऐकावा लागला, "गर्भातच दुरुस्ती का नाही करून घेतलीत?" वाकड्या पावलाची मुलं आता जन्मालाच येत नसत, त्यामुळे ती पावलं सरळ करणारे डॉक्टरही उरले नव्हते. शेवटी मिरजेत निवृत्त डॉक्टर सबनीस सापडले.

त्यांनी दार अर्धंच उघडलं. "माझा विभाग बंद पाडला तेव्हा कुठे होतात तुम्ही लोक? दुरुस्ती नाकारलीत ना? मग भोगा."

"पहिलं बाळ त्या दुरुस्तीतच गेलं, डॉक्टर. दुसऱ्यांदा धीर झाला नाही."

डॉक्टरांनी दार पूर्ण उघडलं. तिच्या कुशीतल्या दोन महिन्यांच्या रेवाचं आत वळलेलं पाऊल त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"दर आठवड्याला थोडं वळवून प्लास्टर घालायचं. माझ्या हातांत जोर राहिला नाही. मी सांगेन तसं तुम्हीच वळवा."

"मी? तिला दुखेल हो!"

"जमत नसेल तर चालू लागा."

वैजयंताने बाह्या सरसावल्या आणि पाऊल धरलं. रेवाने टाहो फोडला.

"सोडू नका!" डॉक्टर खेकसले.

तिने सोडलं नाही.