हंड्याचा पोचा

"पोरी, हा हंडा कुणाचा म्हणायचा?" गोजरबाईनं भिंतीवर बोट टेकवलं आणि बोटाला ओला पिवळा रंग लागला.

छावणीमागची सगळी गल्ली आठ दिवस त्या भिंतीवर शहराचा इतिहास रंगवायच्या मागं लागली होती. पाणचक्की झाली, दरवाजे झाले, हिमरूचा माग झाला. शेवटी, आपलाही इतिहास असू दे म्हणून, टँकरपुढची भांड्यांची रांग आली. चित्रकलेच्या कॉलेजातली मनस्विनी रेघा काढून द्यायची आणि रंग गल्ली भरायची.

"तुमचाच की, मावशी. तिसरा नंबर."

"माझ्या हंड्याला पोचा हाय. ह्यो तर रुखवतातला दिसतोय. पोचा दाखव."

शेजारी रंग भरणाऱ्या नजमाचा हात थांबला. तो पोचा तिच्याच घागरीनं पाडला होता. तीन उन्हाळ्यांपूर्वी, टँकर सहा दिवसांनी आला तेव्हा, नंबरावरून. भांडण कधीच मिटलं होतं, पण हंडा समोर आला की नजमा अजून दुसरीकडं बघायची. आता तो भिंतीवर चढणार, येणारा-जाणारा विचारणार आणि गल्ली चवीनं सांगणार. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं गोजरबाईला पदराला धरून बाजूला ओढलं.

"गोजर, ऐसा मत कर गं. एवढ्या मोठ्या दरवाज्यांशेजारी माझं भांडण कशाला? नातवंडं बघतील."

"बघू दे की! तांबटानं दोनदा विचारलं, ठोकून सरळ करू का म्हणून. मीच नाय म्हणलं." गोजरबाईचा आवाज जरा खाली आला. "पिशोरवरनं येऊन चार वर्षं झाली होती मला, नजमा. ह्या भल्यामोठ्या शहरात माझं नाव घेऊन कुणी भांडलंबी नव्हतं. तूच पहिली."

ओढणीनं डोळे पुसत नजमा म्हणाली, रंगाचा वास लई उग्र आहे.

तोवर मनस्विनीनं तपकिरी रंगात ब्रश बुडवून हंड्याच्या पोटावर एक नाजूक, अर्धगोल रेघ ओढली होती. नजमा पुढं झाली. मान तिरकी करून तिनं ती रेघ नीट पाहिली आणि पोरीच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"असा नाय, बेटी. एवढ्या हळू मारलं नव्हतं मी."