धोका आढळला

पडद्यावर पुन्हा लाल चौकट आली. 'धोका आढळला. फाईल काढून टाकायची का?' शिवानंदनं सवयीनं 'नको' दाबलं आणि चादरीच्या किनारीवरचा मोर पुढं काढायला घेतला.

पण आज शेजारच्या खुर्चीत रामहरी शेठ बसले होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात शिवानंदच्या डिझाईनवर चादरी आणि टॉवेल निघत.

"हे काय आलं?" त्यांनी विचारलं.

"उगं ओरडतंय ते," शिवानंद म्हणाला. "मोठ्या कंपनीचं नाव दिसलं न्हाय की अँटिव्हायरसला सगळेच चोर वाटत्यात. हा प्रोग्रॅम आमच्या लेकीनं, सुकन्यानं लिहिलाय."

सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. पूर्वी तो चौकटीच्या कागदावर एकेक धागा मोजत बसायचा. इंजिनिअरिंगला असताना सुकन्या त्याच्या शेजारी बसली, तो धागे कसे मोजतो ते विचारून घेतलं, आणि कागदावरचं चित्र मागाला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम लिहिला. तेव्हापासून आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकू लागलं.

पुढचं मात्र तो कुणाला सांगत नसे. तिनं दुकान सांभाळावं असं त्याच्या मनात होतं. तिनं बंगळूरची नोकरी धरली. जाताना प्रोग्रॅममध्ये शेवटची दुरुस्ती करून दिली, 'येते अप्पा' म्हणाली, तेव्हाही तो तिच्याशी बोलला नाही. नंतर तिचे फोन त्यानं उचलले नाहीत. मग ते यायचेही थांबले.

रामहरी शेठना चिंता वेगळीच होती. परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलचं काम आलं होतं आणि डिझाईन बाहेर फुटता कामा नये अशी अट होती. हा प्रोग्रॅम काढून टाका, कंपनीचा विकत घ्या, नाहीतर काम दुसऱ्याला द्यावं लागेल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"द्या की मग," शिवानंद म्हणाला. "पोरीचं काम पुसून मला तुमचं काम नको."

शेठ त्याला कित्येक वर्षं ओळखत होते. त्यांनीच तोड काढली. कारखान्याचे कॉम्प्युटर बघणारी रेश्मा येऊन तपासेल, ती म्हणेल ते दोघांनी मानायचं.

रेश्मा दुसऱ्या दिवशी आली. घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर असे खोटे इशारे येतच असतात, फाईल अँटिव्हायरसवाल्यांकडे तपासायला पाठवली की ते सोडून देतात, असं तिनं आल्याआल्या सांगितलं. शिवानंदची छाती फुगली. त्यानं चहा मागवला आणि सुकन्याचं कौतुक सांगत बसला. प्रोग्रॅम तपासता तपासता रेश्मा ऐकत होती, पण हळूहळू तिचं हूं हूं बंद झालं.

"काका, तुमची मुलगी कापडाच्या कंपनीत आहे का?"

"माहीत न्हाय. का?"

"हा इशारा खोटा नाही. हा प्रोग्रॅम उघडला की इंटरनेटवरून काहीतरी बाहेर पाठवतो. तुम्हाला कळू न देता."

रामहरी शेठ मघाशीच येऊन दारात उभे होते. शिवानंदनं हातातला कप खाली ठेवला. कुणाकडं जातंय, असं त्यानं विचारलं. सगळं एकाच पत्त्यावर जातंय आणि तो पत्ता सुकन्याच्या नावाचा आहे, असं रेश्मानं सांगितलं.

"माझी पोरगी चोर न्हाय," तो म्हणाला. आवाज मात्र खाली गेला होता. "काय पाठवतंय ते उघडा. शेठच्या समोरच उघडा."

रेश्मानं बराच वेळ खटपट केली. शिवानंद भिंतीला टेकून उभा राहिला. सोलापुरात कुठल्या तोंडानं आता पोरीचं नाव घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

मग रेश्मा थांबली. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. डिझाईन त्यात एकही नव्हतं. रोज सकाळी प्रोग्रॅम सुरू झाला की शब्दांची एकच ओळ जात होती. तिनं पडदा शिवानंदकडं वळवला.

'अप्पा आज दुकानात आले.'