खरकटी ताटं

चतुर्थी जवळ आली म्हणून आनंदीकाकींनी मुलाने घेऊन दिलेलं भांडी धुण्याचं मशीन लावून बघितलं, तर दाराखालून पाणी झिरपायला लागलं. कुडाळहून मेकॅनिक आला. त्याने दाराच्या रबरावरून बोट फिरवलं.

"काकी, ह्याच्या आधी कधी लायलात?"

"गेल्या चवथीक. झील, सून, नातवंडा, सगळी इली होती."

"बंद रवान रबर सुकला. नवीन घालतंय. पण आता आठवड्यातना एकदा तरी भांडी घालून चालवा. नायतर परत गळतला."

संध्याकाळी विनीतचा मुंबईहून फोन आला. "आये, यंदा सुट्टी नाय गावली गो. पुढच्या वर्षी नक्की येतंव."

रविवारी काकींनी आपलं एकटीचं ताट नेहमीसारखं नळाखाली विसळलं. मग फडताळातून विनीतचं, सुनेचं, नातवंडांची अशी कोरडी ताटं काढली, प्रत्येकात चमचाभर आमटी फिरवली आणि मशीनमध्ये लावली.

आवाज ऐकून शेजारची प्राजक्ता गडग्यापलीकडून ओरडली, "काकी, मुंबयची माणसा इली काय?"

"होय गो," काकी म्हणाल्या, "आताच जेवान उठली."